हृदयशस्त्रक्रियेत थायमस काढली, म्हणजे काय झाले?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करायची, ही त्याची रीत. त्यामुळे नंदुरबारमधील नवापूर तालुक्यातल्या विसरवाडीसारख्या गावातही बाळाच्या हृदयाला छिद्र असल्याची शंका वेळेवर येऊ शकते. पुढे मोठ्या शहरात शस्त्रक्रिया होते, मूल घरी येते. कागदपत्रांत ‘थायमस काढली’ असे लिहिलेले दिसले, की मात्र नाना तर्क सुरू होतात.

“गाठ काढली, म्हणजे आणखी एखादा रोग होता.”

रोग नव्हता. थायमस ही प्रत्येक निरोगी बाळाला असणारी ग्रंथी आहे. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या समोरच ती असते आणि तान्हेपणी चांगली मोठी असते. हृदयापर्यंत पोहोचायला ती आड येते, म्हणून तिचा काही भाग किंवा ती संपूर्ण काढतात.

“थायमस गेली, प्रतिकारशक्ती संपली.”

ही भीती निराधार नाही. १९६१ मध्ये जाक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली, तेव्हा त्यांच्यातील लिम्फोसाइट पेशी घटल्या आणि परक्या उंदराची त्वचाही त्यांचे शरीर नाकारेना. रोगजंतू ओळखणाऱ्या टी-पेशी थायमसमध्येच तयार होतात, हे त्यातून कळले. पण माणसाचे बाळ उंदराच्या पिल्लासारखे जन्मत नाही. त्याची थायमस गर्भातच कामाला लागते, त्यामुळे जन्मावेळी रक्तात टी-पेशींचा मोठा साठा असतो. या पेशी दीर्घकाळ टिकतात आणि थायमसबाहेरही विभागून संख्या राखतात. थोडी ग्रंथी उरली असेल, तर ती पुन्हा वाढू शकते. म्हणूनच थायमस काढलेली बहुतेक मुले शाळेत जातात, खेळतात, साधा सर्दी-ताप इतरांसारखाच झेलतात.

“मोठेपणी ती आपोआप सुकतेच, मग काढली तर काय बिघडले?”

वयानुसार थायमस आक्रसते हे खरे, आणि म्हणूनच हा समज सुशिक्षितांतही टिकून आहे. विसाव्या शतकात तर मोठी थायमस धोकादायक मानून डॉक्टरांनीच बाळांना क्ष-किरण दिले. त्यांपैकी अनेकांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. आजचा पुरावा वेगळेच सांगतो. तान्हेपणी थायमस काढलेल्या तरुणांचा पॅरिसमधील अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात नव्या जंतूंसाठी राखीव असणाऱ्या टी-पेशी कमी आढळल्या. सायटोमेगॅलो विषाणूची लागण झालेल्यांत तर हे चित्र पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसांसारखे होते. स्वीडनमधील नोंदींतही अशा मुलांत संसर्ग, दमा आणि थायरॉइडचे विकार अधिक दिसले. प्रौढांबाबत बॉस्टनचा २०२३ चा अभ्यास आणखी गंभीर आहे: थायमस काढलेल्यांपैकी ८.१ टक्के पाच वर्षांत दगावले, तुलनेच्या गटात २.८ टक्के. हे आकडे मुलांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरीही शक्य तिथे थोडी थायमस राखावी, आणि किती काढली हे पालकांनी शल्यविशारदाला नि:संकोच विचारून कागदावर लिहून घ्यावे. मात्र या धास्तीने हृदयाची शस्त्रक्रिया लांबवणे बाळाच्या जिवावर बेतू शकते.

“अशा मुलाला लस टोचू नये.”

गोवराची लस ‘काही महिने थांबून द्या’ असे डॉक्टर सांगतात, तिथून हा समज पसरतो. कारण थायमस नव्हे. शस्त्रक्रियेत चढवलेल्या रक्तातील प्रतिपिंडांमुळे ती लस निष्प्रभ ठरू शकते, म्हणून थांबायचे. थांबणे म्हणजे रद्द करणे नव्हे. अपवाद एकच महत्त्वाचा: डिजॉर्ज विकारात हृदयदोषासोबत थायमसही जन्मतः अपुरी असते. तिथे टी-पेशी मोजल्याशिवाय जिवंत लस देऊ नये. इतरांना डोस पूर्ण द्यावेत. नव्या जंतूंसाठीच्या पेशी कमी असतील, तर लसीची गरज वाढते.

“सिकलसेलच्या पोरासारखेच हेही.”

नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल घरोघर माहीत असल्याने हा गोंधळ होतो. सिकलसेलमध्ये पाणथरी निकामी होत जाते आणि न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत जिवावर उठतात. म्हणून लहानपणी रोज पेनिसिलिन देतात. थायमस काढल्याने पाणथरीला धक्का लागत नाही, त्यामुळे केवळ त्यासाठी रोजचे प्रतिजैविक लागत नाही. पण एखाद्या मुलाला दोन्ही असतील, तर सिकलसेलचे कार्ड आणि शस्त्रक्रियेचा कागद दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवावेत आणि ताप आल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.