वय थांबवायचं बटण

पडद्यावर जन्मणारी, रांगणारी, शाळेत जाणारी, म्हातारी होणारी आणि एक दिवस चक्क मरणारी माणसं... हा खेळ भिलाईच्या एका मराठी घरात पोहोचला तेव्हा काय झालं?

भिलाईचं नेहरूनगर. मे महिन्यातली दुपार. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही दिसू नये. घरात कूलरची घरघर चाललेली, आजी पापडांच्या डब्यांशी झटतेय, आजोबांनी वाचून झालेला पेपर पुन्हा पहिल्या पानापासून उघडलाय. आणि पुण्याहून सुट्टीला आलेली तेरा वर्षांची नात लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसलीय. एकदम ती ओरडली, ‘‘आजोबांना केक कापू द्यायचा नाही!’’

आजी दचकली. दोन दिवसांवर आजोबांची पंचाहत्तरी. सिव्हिक सेंटरमधल्या दुकानात केकची ऑर्डर देऊन झालेली.

‘‘अगं, असं काय बोलतेस?’’

‘‘तो केक नाही गं आजी. यातला!’’

पडद्यावर एक बैठं घर होतं. अंगणात आंब्याचं झाड असावं तसं एक झाड. स्वयंपाकघरात चष्मा लावलेली बाई, आणि बाहेर काळ्याभोर मिशांचा, ताठ चालीचा एक गृहस्थ. आजोबांनी चष्मा सावरून पाहिलं. हे तर तेच! जुन्या अल्बममधल्या फोटोवरून नातीनं त्यांना जसंच्या तसं घडवलं होतं. खेळातल्या या आजोबांचा वाढदिवस जवळ आला होता. केकवरच्या मेणबत्त्यांवर त्यांनी फुंकर मारली की केस पांढरे होणार, पाठ वाकणार, ते ‘वृद्ध’ या शेवटच्या टप्प्यात जाणार. आणि त्या टप्प्यानंतर काय होतं, हे नातीला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तिनं खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन वय वाढण्याचं बटणच बंद करून टाकलं होतं.

आगीतून निघालेला खेळ

या खेळाचं नाव ‘द सिम्स’. अमेरिकेतले विल राइट हे त्याचे जनक. अख्खं शहर वसवायला लावणाऱ्या ‘सिमसिटी’मुळे १९८९ सालीच त्यांचं नाव झालं होतं. ऑक्टोबर १९९१मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर भीषण आग लागली आणि तीत राइट यांचं राहतं घर जळून खाक झालं. संसार पुन्हा उभा करताना आधी काय घ्यायचं, नंतर काय, घराला खरोखर लागतं तरी काय, हे प्रश्न समोर आले. त्यातूनच घर बांधण्याच्या एका खेळानं आकार घेतला. सुरुवातीला त्यातली माणसं होती ती केवळ घर चांगलं की वाईट हे सांगण्यापुरती. पण गंमत अशी, की घरापेक्षा ही माणसंच जास्त मनोरंजक निघाली! फेब्रुवारी २०००मध्ये खेळ बाजारात आला आणि बघता बघता जगभर पसरला.

त्या पहिल्या खेळात माणसांना भूक लागायची, झोप यायची, ती भांडायची, प्रेमात पडायची. आगीत सापडून किंवा उपासमारीनं मरायचीही. पण म्हातारी मात्र व्हायची नाहीत. पाळण्यातलं बाळ नीट सांभाळलं तर तीन दिवसांत शाळकरी मूल व्हायचं आणि मग कायम शाळकरीच राहायचं. आई-बाप कायमचे तरुण. आपल्या भातुकलीतही बाहुला-बाहुलीचं लग्न लागतं, पण त्यांना सुरकुत्या कधी पडल्यात का?

वाढणारं, मरणारं खेळणं त्याआधी आलं होतं ते जपानमधून. नोव्हेंबर १९९६मध्ये बान्दाई कंपनीनं अंड्याच्या आकाराचं ‘तामागोची’ काढलं. त्यातल्या इवल्याशा प्राण्याला वेळेवर भरवायचं, त्याची घाण काढायची. हेळसांड झाली की तो मरायचा. जपानी तामागोचीत मग भूत आणि थडगं दिसायचं. इंग्रजी आवृत्तीत मुलांना धक्का बसू नये म्हणून त्याचा देवदूत केला गेला!

चोवीस तासांत पाळणा ते काठी

सिम्सच्या माणसांना खरं आयुष्य मिळालं ते २००४ साली, ‘द सिम्स २’मध्ये. तान्हं बाळ, दुडदुडणारं मूल, शाळकरी मूल, किशोर, प्रौढ आणि वृद्ध असे टप्पे त्यात आले. तान्हेपण ३ दिवसांचं, दुडदुडणं ४ दिवसांचं, बालपण ८, किशोरवय १५ आणि प्रौढपण २९ दिवसांचं. खेळातलं एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, म्हणजे तिथला अख्खा दिवस आपल्या २४ मिनिटांत उरकतो. हिशोब करून पाहा. जन्मापासून म्हातारपणाच्या उंबरठ्यापर्यंतचा प्रवास आपल्या घड्याळात चोवीस तासांचाही नाही!

हे टप्पे नुसत्या उंचीचे नाहीत. लहान मुलाला चालायला, बोलायला आणि पॉटीवर बसायला शिकवावं लागतं. चार दिवसांत शिकवलं तर शिकवलं. नाहीतर मूल मोठं होतंच, पण ती संधी गेली ती गेलीच. बाळाचं नाक आईसारखं, डोळे बापासारखे असा वारसा येतो. आयुष्यातल्या मोठ्या घटना आठवणी म्हणून साठत जातात. आणि म्हातारपणाचे दिवस? ते सगळ्यांना सारखे मिळत नाहीत. मनासारखं जगलेल्या, समाधानी माणसाला जास्त मिळतात. मग एके दिवशी काळा झगा घातलेला, हातात लांब दांड्याचा विळा धरलेला यमदूत दारात उभा राहतो. फार समाधानानं जगलेला म्हातारा असेल तर सोबत हुला नर्तकीही येतात आणि तो सुट्टीवर निघाल्यासारखा निघून जातो.

२०१४च्या ‘द सिम्स ४’मध्ये तर मजाच झाली. पाळण्यातलं बाळ एका वाढदिवसात थेट शाळकरी! बोबडे बोल नाहीत, दुडदुडणं नाही. खेळणारे रुसले, तक्रारींचा पाऊस पडला. शेवटी जानेवारी २०१७मध्ये दुडदुडणारी मुलं खेळात परत आली आणि मार्च २०२३मध्ये रांगणारी तान्हीही आली. ज्या वर्षांत आई-बापांची रात्रीची झोप उडते, तीच वर्षं वगळली तर लोकांना चुकल्यासारखं वाटलं!

मोबाइलवर २०१८ साली आलेला ‘बिटलाइफ’ याहून घाईचा. तिथं चित्रं थोडी, मजकूरच जास्त. एक बटण दाबलं की एक वर्ष गेलं. नातीनं तोही आजोबांच्या हातात दिला होता. पाचव्या मिनिटाला त्यांच्या खेळातला माणूस रिटायर झाला. ‘‘इतक्या लवकर तर आमची एक शिफ्टसुद्धा संपत नव्हती,’’ असं म्हणून त्यांनी फोन परत केला.

आराखड्यावर वसलेलं गाव

खरं तर असा खेळ भिलाईकराला परका वाटू नये. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि दुर्गजवळच्या माळावर पोलाद कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं. कारखान्याबरोबर टाउनशिपही आखली गेली. सेक्टर, सारखे क्वार्टर, शाळा, दवाखाना, बाजार... सगळं आधी कागदावर आणि मग जमिनीवर. घरं तयार, आता माणसं आणा!

माणसं आली. बंगाली, मल्याळी, तेलुगू, पंजाबी आणि नागपूर-वऱ्हाडाकडची मराठीही. आपले आजोबा वर्धेकडचे. ते आले १९७२ साली, मैत्रीबाग सुरू झाली त्याच वर्षी. रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये लागले. शेजारीपाजारी सगळे पंचविशीतले. कुणाचं लग्न या वर्षी, कुणाचं पुढच्या. मुलं एकाच शाळेत, एकाच मैदानात. साठी आली तीही मागेपुढेच. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं, फंडाच्या पैशातून नेहरूनगरात घर बांधलं. मुलगा इंजिनियर होऊन पुण्याला गेला. गल्लीतल्या बहुतेक घरांची हीच कथा आहे. संध्याकाळी फाटकाशी खुर्च्या टाकून बसलेली मंडळी सत्तरीच्या पुढची आणि त्यांची मुलं पुणे, बंगळुरू नाहीतर परदेशी.

‘‘पूर्वी आमच्या लाइनीत बारशाची आमंत्रणं असायची,’’ आजी सांगते. ‘‘मग लग्नाची आली. आता फोन वाजला की आधी धस्स होतं.’’

न पाहिलेलं घर

आता या खेळातली एक खुबी सांगायलाच हवी. ‘सिम्स २’मध्ये तुम्ही ज्या घरात खेळता, त्याच घराचं वय वाढतं. बाकीच्या घरांची घड्याळं थांबलेली! लेक लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली आणि तुम्ही तिच्याच घरी खेळत राहिलात, की तिच्या केसांत रुपेरी बटा येतात, पण माहेरची आई मात्र ती निघाली त्या दिवशी होती तशीच. २००९च्या ‘सिम्स ३’नं हे बदललं. तुम्ही पाहा अगर पाहू नका, सगळं गाव जगत राहतं. कुठे पाळणा हलतो, कुठे म्हातारं माणूस जातं आणि तुम्हाला पत्ताही नसतो. ‘सिम्स ४’मध्ये तर हे ठरवायचं बटणच तुमच्या हाती दिलंय.

नात कशामुळे हिरमुसलीय, ते तिच्या आईच्या ध्यानात यायला दोन दिवस लागले. गेल्या फेब्रुवारीत आजोबांना आठ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. हृदयाचं दुखणं. पुण्यात नातीची परीक्षा चालू, म्हणून तिला कुणी काही कळू दिलं नाही. व्हिडिओ कॉलवर आजोबा उशीला टेकून हसायचे. मे महिन्यात ती दुर्ग स्टेशनावर उतरली, तेव्हा तिला घ्यायला आलेल्या आजोबांचा शर्ट खांद्यावरून ओघळत होता. तिनं वाकून नमस्कार केला आणि घरी पोहोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

‘‘मला वाटायचं,’’ ती आईला म्हणाली, ‘‘मी इथे नसते तेव्हा इथलं सगळं तसंच असतं.’’

आईनं हे पुण्याला नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मलाही तसंच वाटत होतं गं.’’

आई-बापांनी पुण्याला यावं म्हणून गेली तीन वर्षं हाच मुलगा दर दिवाळीला वाद घालतो. आजोबांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘‘इथली माणसं सोडून तिथे फ्लॅटात काय करू?’’ वाद तिथेच थांबतो. दोन्ही बाजू खऱ्या, म्हणून तो सुटतही नाही.

आई-बाबांनो, इकडे लक्ष द्या!

मुलं असले खेळ खेळतात म्हणून घाबरून जायचं कारण नाही, पण आंधळेपणाही नको. ‘सिम्स ४’ला युरोपात बारा वर्षांवरील मुलांसाठी, तर अमेरिकेत किशोरवयीनांसाठी असा शिक्का आहे, तेव्हा सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाती तो देऊ नये. ऑक्टोबर २०२२पासून मूळ खेळ फुकट मिळतो. मात्र वरचे पॅक विकत घ्यावे लागतात आणि त्यांची यादी वाण्याच्या यादीपेक्षा लांब आहे. कार्डाचा नंबर मुलाला देण्याआधी विचार करा. खेळातला दिवस चोवीस मिनिटांचा असल्यानं ‘अजून एकच दिवस’ म्हणत आपला तास कसा जातो, कळत नाही. वेळ आधीच ठरवून द्या.

आणि मुख्य म्हणजे, एकदा शेजारी बसून विचारा, ‘‘तुझ्या घरात कोण कोण आहे?’’ मूल त्या घरात कुणाला ठेवतं, कुणाला वगळतं, कुणाचं वय थांबवतं, यावरून बरंच काही समजतं. तोंडानं जे बोलता येत नाही, ते मुलं खेळात बोलतात. भातुकलीच्या काळापासून हे असंच आहे.

मेणबत्त्या

पंचाहत्तरीच्या आदल्या रात्री आजोबा नातीजवळ येऊन बसले.

‘‘माझं वय बंद केलंस म्हणे?’’

तिनं मान हलवली.

‘‘काहून?’’

उत्तर आलं नाही. आजोबांनी पडद्यावरच्या काळ्या मिशांच्या गड्याकडे जरा वेळ पाहिलं. ‘‘चांगला दिसतो. पण एक सांग, मी हा असा होतो तेव्हा तुझा बाप तिसरीत होता. सेक्टरच्या शाळेतून रोज गुडघे फोडून यायचा. तेव्हाच हे तुझं बटण बंद केलं असतं तर तो अजून तिसरीतच असता. मग तू कुठून आली असतीस?’’

नात विचारात पडली. मग तिनं सेटिंग उघडलं, बटण चालू केलं आणि त्याच्या शेजारचा एक पर्याय बदलला. आयुष्याची लांबी... आखूड, साधारण आणि लांब. तिनं ‘लांब’ निवडलं.

‘‘एवढं चालेल ना, आजोबा?’’

‘‘चालेल,’’ आजोबा म्हणाले. ‘‘त्याला आपली काही हरकत नाही.’’

दुसऱ्या दिवशी सिव्हिक सेंटरचा केक आला. गल्लीतली झाडून सगळी म्हातारी मंडळी जमली. पुण्याचा मुलगा सकाळच्या गाडीनं न कळवता दारात येऊन उभा राहिला होता. आजोबांची फुंकर काही पुरली नाही. उरलेल्या मेणबत्त्या मुलानं आणि नातीनं मिळून विझवल्या.