घरच्या चित्रगृहांतील मागचा आवाज

हल्लीं पुष्कळ घरीं दिवाणखान्यांतच चित्रपट पाहण्याची सोय असते. समोर तीन व दोन्ही बगलांस एकेक, अशी पांच ध्वनिक्षेपकांची मांडणी बहुधा आढळते. परंतु मधली जागा एक आणि बसणारीं माणसें दहा! पाठीमागील आवाज दोन्ही बगलांतून सारखाच सोडला, तर मध्यें बसणारास तो पाठीशीं वाटतो. कडेला बसलेल्या आजींस मात्र तो जवळच्या ध्वनिक्षेपकाकडे सरकलेला भासतो.

ही उणीव मागच्या मधल्या ध्वनिक्षेपकानें भरून निघते. १९९९ सालीं 'द फँटम मेनेस' या चित्रपटाबरोबर आलेल्या 'डॉल्बी डिजिटल सराउंड ईएक्स' पद्धतींत हा मधला आवाज दोन्ही बगलांच्या आवाजांत मिसळलेला असतो. घरचा रिसीव्हर तो वेगळा काढतो.

मात्र ही जोड देण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या. बैठक भिंतीस टेकली असल्यास प्रथम ती पुढें ओढावी. तें शक्य नसेल, तर हा खर्च न करणेंच बरें. दुसरें असें कीं, बरोबर पाठीमागचा आवाज दोन्ही कानांस सारखाच पोंचत असल्यामुळें तो कित्येकदां समोरून आल्याचा भ्रम होतो. म्हणून रिसीव्हरांत सोय असेल, तर मागें एकाऐवजीं दोन ध्वनिक्षेपक शेजारीं शेजारीं ठेवावे.

आणि सारें जुळविल्यावर त्याची परीक्षा मधल्या जागेवरून न घेतां आजींच्या जागेवर बसून घ्यावी.