आरोग्य : रुग्णाचे कर्तव्य आणि शासनाचे कर्तव्य

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी त्याला धुतले व उचलून बिछान्यावर ठेवले. मग भिक्खूंनी एकमेकांची शुश्रूषा करावी, असा नियम घालून दिला. तेथेच रुग्णाचीही कर्तव्ये सांगितली आहेत : पथ्य पाळावे, औषध घ्यावे, दुखणे लपवू नये.

क्षयरोगाचे उदाहरण घ्या. साध्या क्षयरोगाचा उपचार सहसा सहा महिन्यांचा असतो आणि सरकारी केंद्रावर औषधे मोफत मिळतात. खोकला थांबला की गोळ्या सोडणारे मात्र आपल्याच वस्तीत सापडतील. मग जंतू औषधांना दाद देत नाहीत, आणि तोच चिवट क्षय घरातल्या मुलाबाळांनाही होऊ शकतो. येथे शासनाला दोष देता येणार नाही. पण केंद्रावर गोळ्याच शिल्लक नसतील, तर रुग्णाने कसली जबाबदारी पाळायची? एका कोंदट खोलीत आठ माणसे झोपतात, तो दोष कोणाचा? व्यसनमुक्तीची भाषणे आपण दरवर्षी ऐकतो (ती हवीतच), हे प्रश्न तेथे क्वचितच निघतात.

भारतीय संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. मात्र ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने केवळ त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला पश्चिम बंगालमधील अनेक सरकारी रुग्णालयांनी दाखल करून घेतले नव्हते. तातडीच्या रुग्णाला सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग होय, असे त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ठरविले. म्हणून 'खाट नाही' असे कोणी सांगितल्यास ते लेखी मागावे.