लांबीखालचा गंज

वरून गुळगुळीत दिसणाऱ्या वस्तूच्या आंत काय आहे, तें पाहण्याचें धैर्य थोड्यांनाच असतें. हा धडा आम्हांस उतारवयांत, आमच्याच अंगणांत, एका जुन्या मोटारीनें दिला.

आमच्या बंधूंची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी पंधरा वर्षें रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यांत धांवली व पुढें पुण्यास नुसतीच उभी राहिली. बंधु आतां फारसे चालत नाहींत. एकदां त्या गाडींतून फिरावें, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून पुतण्यानें पत्र्याचें काम घरींच हातीं घेतलें. दरवाजाखालच्या पट्टीवर रंगाला फोड आले होते. "काका, लांबी भरून रंग मारूं, दिवाळीला गाडी तयार!" तो म्हणाला. बंधूंची प्रकृति पाहतां आम्हांसहि तेंच बरें वाटलें.

पण शेजारच्या वृद्ध मिस्त्रींनीं खिशांतून लोहचुंबक काढून पट्टीवर फिरविला. तो बहुतेक ठिकाणीं चिकटेचना! पूर्वीं कोणीं तरी भरलेली लांबीच तेथें होती; पत्रा गंजानें खाल्ला होता. "मास्तर, ह्या गाडीला वेगळी चासी नाहीं. ही पट्टीच भार वाहते," मिस्त्री म्हणाले.

१९५३ सालीं इटलींत निघालेल्या फियाट ११०० ची ही वंशज. हिचें कवच हाच हिचा सांगाडा. लांबी खड्डा बुजविते, भार पेलीत नाहीं. आणि तिच्याखालीं ओलावा धरून गंज वाढतच राहतो. आंत शल्य ठेवून व्रण शिवूं नये, हें सुश्रुतानें सांगून ठेवलेंच आहे.

तेव्हां आधीं बॅटरी व पेट्रोलची टाकी काढली. दरवाजाच्या चौकटींत लोखंडी दांडे जोडून आधार दिला. नाहीं तर पट्टी कापतांच गाडी वांकली असती व दरवाजे पुन्हा नीट बसले नसते. निरोगी पत्रा लागेपर्यंत गंजका भाग कापला. मिस्त्रींनीं नवा पत्रा अंतराअंतरावर टांके देत जोडला, कारण सलग जोड दिल्यास उष्णतेनें पत्रा वेडावांकडा होतो. मग प्रायमर दिला, पट्टीच्या पोकळींत मेण सोडलें, पाणी निचरण्याचीं भोकें मोकळीं केलीं. शेवटीं लांबीहि लागली. पण पातळ, आणि शुद्ध पत्र्यावर.

दिवाळी केव्हांच गेली. बंधु गाडींत बसले ते माघांत. दार लागल्याचा आवाज ऐकून म्हणाले, "हा आवाज तोच आहे."

वाचकहो, उशीर झाला खरा. पण ज्या पट्टीवर आपलीं माणसें बसावयाचीं, ती नुसती रंगवून कशी चालेल?