टेपवर राहिलेली साक्ष

नोव्हेंबर १९८६. वॉशिंग्टनमध्ये दोन वरिष्ठ अधिकारी आपापल्या संगणकावरचे निरोप पुसण्याच्या घाईत होते. एक होते अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर आणि दुसरे त्यांच्या हाताखालचे लेफ्टनंट कर्नल ऑलिव्हर नॉर्थ. इराणला गुपचूप शस्त्रे विकायची आणि त्यातला पैसा निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांकडे वळवायचा, हा उद्योग उघडकीला आला होता. कागदपत्रे यंत्रात घालून त्यांच्या चिंध्या केल्या गेल्या. संगणकावरचे ५,००० हून अधिक निरोपही डिलीट झाले.

त्या काळी व्हाइट हाउसमध्ये आयबीएमची ‘प्रॉफ्स’ नावाची यंत्रणा वापरात होती. आजच्या ईमेलची ती आधीची पिढी. या यंत्रणेच्या मुख्य संगणकावरचा सगळा मजकूर ठरावीक वेळाने चुंबकीय टेपवर उतरवला जाई. आग लागली, डिस्क बिघडली, तर काम पुन्हा सुरू करता यावे एवढाच त्यामागचा हेतू. काही दिवसांनी त्याच टेपवर नवा बॅकअप घेतला जाई आणि जुना आपोआप नाहीसा होई. चौकशी सुरू झाली तेव्हा नोव्हेंबरातल्या टेप बाजूला काढून ठेवल्या गेल्या, आणि पुसलेले निरोप चौकशी आयोगासमोर आले. डिलीटचे बटण दाबले म्हणजे निरोप कायमचा गेला अशीच आपली समजूत होती, हे नॉर्थ यांनी पुढे १९८७ साली अमेरिकी काँग्रेससमोरच्या साक्षीत कबूल केले.

कोर्टकचेरीच्या कामासाठी ईमेलचे बॅकअप वर्षानुवर्षे सांभाळायचे कसे, हा प्रश्न आज प्रत्येक बँकेपुढे, विद्यापीठापुढे, सरकारी खात्यापुढे आहे. त्याची बहुतेक सगळी गुंतागुंत या एका प्रकरणाच्या उत्तरार्धात सापडते. १९ जानेवारी १९८९ हा रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीचा अखेरचा पूर्ण दिवस. सत्तांतराच्या वेळी या टेप पुसल्या जाणार असल्याचे ‘नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह’ या संस्थेला कळले. पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि त्यांचे सहकारी त्याच दिवशी कोर्टात गेले. न्यायाधीश बॅरिंग्टन पार्कर यांनी टेपना हात लावायला मनाई केली.

सरकारची बाजू ऐकायला सरळ होती: महत्त्वाचे निरोप छापून फायलीत लावलेले आहेत, मग टेप कशाला हव्यात? हा वाद चार वर्षे चालला. १९९३ साली आधी न्यायाधीश चार्ल्स रिची यांनी आणि नंतर अपील न्यायालयाने सांगितले की छापील कागद म्हणजे ईमेलची पूर्ण प्रत होत नाही. निरोप नेमका कोणाकोणाला गेला, कधी पोचला, ही माहिती संगणकावर असते, पण कागदावर ती उतरेलच असे नाही. कागदावर गटाचे नाव छापले जाते. त्या गटात त्या दिवशी कोण होते, ते कळत नाही.

निर्णय कायद्याचा असला तरी त्यामागे मेलची रचना आहे. आपल्याला पडद्यावर दिसतो तो मेलचा दर्शनी भाग. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ हा पर्याय उघडला की त्याच्या डोक्यावर पंचवीस-तीस ओळींचा एक गिचमिड मजकूर दिसतो. त्याला हेडर म्हणतात. त्यात ‘रिसीव्ह्ड’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी असतात आणि त्या खालून वर वाचायच्या असतात. मेल वाटेत ज्या ज्या सर्व्हरवर थांबला, त्या प्रत्येकाने आपली एक ओळ वर चढवलेली असते: कोणाकडून आला, कोणत्या पत्त्यावरून आला, किती वाजून किती सेकंदांनी आला. भारतातल्या सर्व्हरने शिक्का मारला असेल तर वेळेपुढे बहुधा अधिक ०५३० असे दिसते, म्हणजे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. आणखी खाली बहुतेक मेलमध्ये ‘डीकेआयएम’ ही अंकीय सही असते. पाठवणाऱ्या डोमेनच्या सर्व्हरने ती केलेली असते. सहीच्या कक्षेतला एक शब्द जरी नंतर बदलला, तरी ती जुळत नाही. मात्र ती तपासायला लागणारी सार्वजनिक किल्ली त्या डोमेनच्या नोंदीत प्रसिद्ध झालेली असते, आणि किल्ल्या अधूनमधून बदलतात. दहा वर्षांनी सही तपासायची तर आजची किल्लीही आजच टिपून ठेवायला हवी. मेलचा प्रिंटआउट काढून त्यावर सही-शिक्का मारणाऱ्या आपल्या कचेऱ्यांनी हे हेडर एकदा तरी उघडून पाहावे.

बॅकअप आणि अभिलेख यांची आपल्याकडे सर्रास गल्लत होते. बॅकअप म्हणजे ठरल्या वेळी सर्व्हर जसा होता तसा घेतलेला ठसा. रात्री दोन वाजता बॅकअप होत असेल, तर सकाळी अकराला आलेला आणि दुपारी चारला कायमचा काढून टाकलेला मेल त्यात कधीच सापडणार नाही. उलट वर्षभर पेटीत राहिलेला एकच मेल रोजच्या पूर्ण बॅकअपमध्ये शेकडो वेळा येऊन बसतो. अभिलेखाची रीत वेगळी. तिथे मेल सर्व्हरमधून जात-येत असतानाच त्याची एक प्रत निराळ्या ठिकाणी जमा होते, अनुक्रमणिकेत लागते, आणि वापरणाऱ्याने आपल्या पेटीत काहीही केले तरी त्या प्रतीला धक्का लागत नाही. या व्यवस्थेला जर्नलिंग म्हणतात. कायद्याच्या गरजेसाठी खरे तर हेच हवे. पण बहुतेक ठिकाणी ते सुरू झालेले नसते आणि खटला उभा राहिल्यावर हाताशी असतो तो जुन्या टेपांचा ढीग.

त्या ढिगातून काही काढायचे तर किती खर्च पडतो, हे २००३ साली न्यूयॉर्कमधल्या झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग या खटल्यात दिसले. नोकरीत स्त्री म्हणून भेदभाव झाल्याची तक्रार करणाऱ्या लॉरा झुबुलेक यांना कंपनीच्या टेपवरचे जुने मेल हवे होते. खर्च फार आहे, असे कंपनीचे म्हणणे. न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी शास्त्रज्ञ काढेल तसा तोडगा काढला: आधी पाचच टेप नमुन्यादाखल उघडा. त्या पाचांतून खटल्याशी संबंधित सुमारे ६०० मेल निघाले आणि खर्च आला सुमारे १९,००० डॉलर. पुढे काही टेप गहाळ असल्याचे, काही मेल पुसले गेल्याचे उघड झाले. २००५ साली ज्युरीने झुबुलेक यांना २ कोटी ९० लाख डॉलरहून अधिक भरपाई दिली. याच खटल्यातल्या निकालांनी एक व्यवहार्य रेघ आखून दिली. दावा होण्याची चिन्हे दिसताच संबंधित मेल पुसणे थांबवायचे. निव्वळ आपत्तीसाठी ठेवलेल्या टेप एरवीसारख्या फिरवून वापरायला हरकत नाही. पण वादातल्या मुख्य माणसांचे मेल कोणत्या टेपवर आहेत हे माहीत असेल आणि ते दुसरीकडे मिळणार नसतील, तर त्या टेप बाजूला काढायच्या. मला हा विचार फार मोलाचा वाटतो, कारण तो ‘सगळे ठेवा’ असेही म्हणत नाही आणि ‘सगळे पुसा’ असेही म्हणत नाही.

आता टेपकडे जवळून पाहू. आज मोठ्या संस्थांत प्रामुख्याने एलटीओ जातीची काडतुसे वापरतात. तळहातावर मावेल एवढी चौकोनी पेटी, आत अर्धा इंच रुंदीची फीत. नवव्या पिढीच्या काडतुसात ही फीत एक किलोमीटरहून लांब असते आणि तिची जाडी साधारण ५ मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या कितीतरी पट कमी. तिच्यावर हजारो समांतर माग असतात आणि एका काडतुसात १८ टेराबाइट मजकूर मावतो. फितीच्या पायावर चुंबकीय कण एका चिकट बहुलकाने बसवलेले असतात. कण दणकट असतात. आताच्या टेपांत वापरले जाणारे बेरियम फेराइट हे मुळातच ऑक्साइड असल्यामुळे त्याला गंज चढत नाही. नाजूक असतो तो कणांना धरून ठेवणारा चिकट थर. हवेतली वाफ या थरातल्या पॉलियुरेथेनचे बंध तोडते, थर चिकचिकीत होतो आणि फीत यंत्रात फिरताना कणांसकट सोलून निघते. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या ध्वनिफितींचे याच कारणाने अतोनात नुकसान झाले. अशा फिती मंद आचेवर, पन्नासेक अंश सेल्सियसला काही तास तापवून, तात्पुरत्या वाचण्याजोग्या करतात आणि लगेच त्यांची प्रत काढतात. उत्पादक एलटीओ टेपचे आयुष्य ३० वर्षांपर्यंत सांगतात, पण ते कोरड्या, थंड खोलीतले. जुलैत मुंबई-रत्नागिरीची हवा तशी नसते. तळघरातल्या लोखंडी कपाटात ठेवलेल्या टेपला ती हमी लागू नाही.

एवढे असूनही टेप टिकून आहे, त्याला कारण आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या एका सॉफ्टवेअर दोषामुळे काही वापरकर्त्यांचे मेल दिसेनासे झाले. गुगलच्या हिशेबाने ते एकूण वापरकर्त्यांच्या ०.०२ टक्के होते. मजकुराच्या प्रती अनेक डेटा सेंटरांत होत्या, पण दोष त्या प्रतींपर्यंतही पोचला होता. मेल परत आले ते टेपवरून, कारण टेप जाळ्याला जोडलेलीच नव्हती. खंडणीसाठी सर्व्हर कुलूपबंद करणाऱ्या टोळ्यांच्या आजच्या काळात या अलिप्तपणाची किंमत वाढली आहे.

फीत शाबूत राहिली तरी ती वाचणारे यंत्र राहील का, ही पुढची अडचण. एलटीओची पहिली पिढी २००० साली आली. सातव्या पिढीपर्यंतचे यंत्र आपल्या आधीच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचत असे. आठव्या पिढीने ते एकीवर आणले. म्हणजे २००८ च्या सुमाराला भरलेली चौथ्या पिढीची टेप आज बाजारातल्या नव्या यंत्रात घातली तर ती वाचली जाणार नाही. जुने यंत्र मिळाले, तर बॅकअपचे तेच सॉफ्टवेअर हवे. ते मिळाले, तर मेल सर्व्हरची तीच आवृत्ती हवी, कारण मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजचा जुना डेटाबेस नव्या आवृत्तीवर सरळ चढत नाही. चौथ्या पिढीपासून टेप कूटबद्ध करण्याची सोय यंत्रातच आली. तिची किल्ली ज्या सर्व्हरवर होती तो मधल्या काळात भंगारात गेला असेल, तर तो मजकूर उलगडण्याचा आज कोणताही व्यवहार्य मार्ग नाही. लोणच्याची बरणीसुद्धा अधूनमधून उघडून बघावी लागते. टेपचेही तसेच आहे: दरवर्षी काही टेप निवडून प्रत्यक्ष रिस्टोअर करून पाहायच्या, आणि यंत्राच्या एक-दोन पिढ्या उलटल्या की सगळा मजकूर नव्या टेपवर हलवायचा. यासाठी अंदाजपत्रकात पैसे आणि कोणाच्या तरी नावावर जबाबदारी लागते. व्हाइट हाउसनेही धडा पुरता घेतला नव्हता. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या काळात ऑक्टोबर २००३ पर्यंत बॅकअप टेप पुन्हा वापरल्या जात होत्या. मेल गहाळ असल्याबद्दल पुन्हा दावे झाले आणि डिसेंबर २००९ मध्ये सुमारे २ कोटी २० लाख ईमेल सापडल्याचे जाहीर झाले.

भारतात या विषयातला महत्त्वाचा निकाल आला तो जालन्याच्या निवडणुकीवरून. २०१४ च्या विधानसभेला तिथे उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतले गेले का, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. त्याच्या सीडी मिळाल्या. त्यासोबत लागणारे, तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-बीचे सर्टिफिकेट मात्र वारंवार मागूनही मिळाले नाही. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की मूळ उपकरणच कोर्टात आणले तर गोष्ट वेगळी, पण प्रत सादर करायची तर सर्टिफिकेट हवेच. सगळे प्रयत्न करूनही संबंधित अधिकारी ते देत नसेल, तरच सूट. मेल सर्व्हर कोणी कोर्टात उचलून आणू शकत नाही. म्हणून मेलच्या बाबतीत सर्टिफिकेटला पर्याय जवळपास नाहीच.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आणि ६५-बीची जागा कलम ६३ ने घेतली. त्याच्या सर्टिफिकेटचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या मजकुरावर गणिती प्रक्रिया करून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो, मग फाइल दोन ओळींची असो की दोन टेराबाइटची. मेलमधल्या एका स्वल्पविरामाचा पूर्णविराम केला, तर ६४ पैकी बहुतेक सगळी चिन्हे बदलतात.

सर्टिफिकेटच्या नमुन्यात एसएचए-२५६ च्या जोडीला एमडी-५ आणि एसएचए-१ यांचेही रकाने आहेत. यातल्या एमडी-५ ची फोड चिनी गणितज्ञ वांग शियाओयुन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवली. एसएचए-१ बाबत २०१७ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने आणि गुगलने एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली तयार करून दाखवल्या. दीर्घकाळ ठेवायच्या पुराव्यासाठी या दोन्हींवर विसंबू नये. ज्यांच्या जुन्या नोंदी एमडी-५ मध्ये आहेत, त्यांनी मजकूर पडताळून त्याच वेळी एसएचए-२५६ ची नोंदही करून ठेवावी.

शिवाय हॅश घेतल्या क्षणापासून पुढचेच सांगते. २०१५ च्या टेपची हॅश आज काढली, तर आजपासून त्यात बदल झाला नाही एवढेच सिद्ध होईल. मधल्या वर्षांत ती कोणाच्या ताब्यात होती, कपाट कोणी उघडले, प्रत कोणी काढली, हे सांगायला रजिस्टरच लागेल. त्यामुळे बॅकअप पूर्ण होताच त्याची हॅश काढावी, ती सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या हाती नसलेल्या जागी, तारखेसह लिहावी, आणि टेप एका हातातून दुसऱ्या हातात गेली की त्या रजिस्टरात दोघांच्या सह्या घ्याव्यात.