खोलीमागे सतरा मिनिटं

पहाटे 4:30. पॅरिसच्या ईशान्येला, बाँदीत गजर वाजतो. बाई आयव्हरी कोस्टमधल्या बुआकेची. नाव काहीही धरा, या वेळच्या लोकलमध्ये तिच्यासारख्या पुष्कळ जणी असतात.

6 ते 8. ला देफाँसमधली ऑफिसं. साहेबलोक यायच्या आत केरकचरा, लादी, कपबशा.

9:00. हॉटेल. पगार मात्र हॉटेल देत नाही, कंत्राटदार देतो. तासाला साडेतीन खोल्या, म्हणजे खोलीमागे सतरा मिनिटं: चादरी, अभ्रे, संडास-बाथरूम, आरसा, गालिचा. आदल्या रात्री आत पार्टी झालेली असली तरी सतराच. उरलेल्या खोल्या वेळ संपल्यावर, फुकटात.

याच हिशेबाविरुद्ध पॅरिसातल्याच बातिन्योल भागातल्या इबिस हॉटेलातल्या वीसेक कामगार 2019 च्या जुलैत संपावर गेल्या. बहुतेक आफ्रिकेतून आलेल्या बाया. मध्ये कोविड येऊन गेला, तरी बावीस महिन्यांनी जिंकूनच उठल्या. ताशी तीन खोल्या, पगारवाढ, जेवणाचा भत्ता. कंत्राटदार मात्र मधून हटला नाही. त्यांच्यातली राशेल केके 2022 मध्ये खासदार झाली. आपल्या बुआकेच्या बाईच्या हॉटेलात अजून साडेतीनच चालू आहे.

12:30. जिन्यात भेटलेले पाहुणे कौतुक करतात, ‘फ्रेंच छान बोलता हं!’ तिचा देश 1960 पर्यंत फ्रान्सचीच वसाहत होता, शाळाही फ्रेंचमध्येच झाली. ती ‘मेर्सी’ म्हणते. सतरा मिनिटांत इतिहास बसत नाही.

4:00. शातो रूजचा बाजार. कच्ची केळी, भेंडी, सुकी मासळी आणि आत्तिएके. आपण ज्याचा साबुदाणा करतो, त्याच कंदाचा हा आंबवून वाफवलेला रवा. इथे ती मोठ्यानं बोलते, भावावरून हुज्जत घालते, दुकानदारीण तिला ‘ताँती’, मावशी, म्हणते. हॉटेलातले कोणी तिला इथे पाहतील तर ओळखणार नाहीत.

5:30. पिशव्या उचलायला मुलगा आलाय. गार द्यू नॉर स्टेशनवर पोलीस त्यालाच थांबवतात. कागद दाखव! अरे-तुरे चालूच. आईला कोणी विचारत नाही. ती परदेशात जन्मलेली, तो पॅरिसात, तरी संशय त्याच्यावर. पॅरिसमधल्या अशा तपासण्यांची पाहणी 2009 मध्ये प्रसिद्ध झाली: काळ्या माणसाला अडवण्याची शक्यता गोऱ्याच्या सुमारे सहापट. त्यात हे स्टेशनही होतं. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा तपासण्यांबद्दल सरकारला दोषी धरलं. मुलगा ओळखपत्र आधीच हातात घेऊन उभा असतो. त्याला सवय झालीय, आणि मला वाटतं, आईला चीड येते ती त्या सवयीची.

9:00. बुआकेला फोन. परदेशी गेलेल्याला तिथे ‘बँगिस्त’ म्हणतात, आणि बँगिस्ताकडे पैसा असणारच! सुट्टीत गेली की बाजारात भाव चढतात. आज भाच्याला यायचंय. मावशी मोठ्या हॉटेलात आहे, लावेल चिकटवून.

‘वायरिंगचा कोर्स पुरा कर आधी,’ ती म्हणते, आणि फोन आईला द्यायला सांगते.