आधी पडायला शिका

परवा सायंकाळी अकरा वर्षांची एक मुलगी उजवे मनगट डाव्या हाताने धरून दवाखान्यात आली. सोबत वडील. "डॉक्टरसाहेब, मोबाइलवर बघून स्केटिंग शिकते. इथं शिकवणारं कोणी नाही, मग काय करणार?" हिवाळी ऑलिम्पिकमधल्या बर्फावरच्या गिरक्या पाहून पोरगी चाकांच्या स्केट्सवर अंगणात उड्या मारू लागली होती. एक्स-रेमध्ये मनगटाजवळचे हाड मोडलेले निघाले.

खामगावात बर्फ कुठून यायचा? सिमल्याची रिंक १९२० पासूनची, पण तीही थंडीपुरतीच. आपल्याकडे चाके आणि सिमेंटचे अंगण.

ती कोणते व्हिडिओ पाहते ते मी पाहिले. बहुतेक 'ॲक्सेल' उडीचे. नॉर्वेच्या ॲक्सेल पॉलसेनने १८८२ मध्ये दाखविलेली ही उडी पुढे तोंड करून घ्यायची आणि मागे सरकत उतरायची, म्हणून हवेत दीड फेरी! पडावे कसे, हे सांगणारा एकही व्हिडिओ त्यात नव्हता. आमच्या लहानपणी आखाड्यातले उस्ताद मल्लखांबावर चढविण्याआधी उतरायला शिकवीत.

तोल गेला की हात आपोआप पुढे जातो आणि अंगाचा सारा भार मनगटावर येतो. त्याऐवजी गुडघे वाकवून खाली बसावे, एका कुशीला मांडी व कुल्ल्यावर पडावे, हात छातीशी घ्यावेत, हनुवटी छातीकडे ओढावी. हे आधी चाके न घालता गादीवर करून पाहावे. पडणे, उठणे आणि थांबणे यांपासून सुरुवात करणारा व्हिडिओच निवडावा. मात्र व्हिडिओला आपण दिसत नाही. म्हणून घरच्यांनी मुलांचे चित्रण करावे आणि एखाद्या जाणत्या क्रीडाशिक्षकांना दाखवावे. हेल्मेट आणि मनगटाचे कडक पट्टे तर हवेतच.

मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा नाजूक पट्टा असतो. त्यामुळे 'मुरगळलं असेल' म्हणून चोळू नका. अंगठ्याच्या मुळाशी खळगीत दुखत असेल तर पहिल्या एक्स-रेत मोड कधी कधी दिसतही नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. डोक्याला मार लागून उलटी किंवा गुंगी आली, तर सकाळची वाट पाहू नका.

प्लास्टर घातल्यावर मुलीने विचारले, "काका, आता गादीवर पडून बघू का?"

म्हटले, प्लास्टर निघाल्यावर.